शाळेत लैंगिकता शिक्षणाचा पहिला तास घेताय? आधी हे वाचा

मी पहिल्यांदा सातवीच्या वर्गावर हा तास घेतला तेव्हा फळ्यावर ‘पौगंडावस्था’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पुढची पस्तीस मिनिटं संप्रेरकं, ग्रंथी, दुय्यम लैंगिक लक्षणं असं बोलत राहिले. वर्ग अगदी शांत होता. मला वाटलं, तास छान झाला. मधल्या सुट्टीत एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “बाई, तुम्ही मघाशी पाळीचं सांगत होता का?”

त्या दिवशी कळलं की अडचण मुलांकडे नव्हती. ती माझ्या बोलण्यात होती, माझ्या तयारीत होती. त्यानंतर मी हे तास दर वर्षी घेतले. काही जमले, काही फसले. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे पुढचं सगळं तशाच शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. तुम्ही यंदा पहिल्यांदा या तासाला उभे राहणार असाल, तर माझी दोन-तीन वर्षं जिथे वाया गेली तिथे तुमची जाऊ नयेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बालभारतीच्या पुस्तकात माणसाचं प्रजनन सविस्तर येतं ते दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. मुलींना पाळी मात्र पाचवी-सहावीपासून येऊ लागते आणि मुलांचा आवाज सातवी-आठवीत फुटतो. पुस्तकाची वाट पाहिली तर आपण चार वर्षं उशिरा पोहोचतो, आणि तोवर मोबाइल पोहोचलेला असतो.

१. आधी स्वतःची जीभ सोडवा

या अवयवांसाठी मराठीत आपल्या कानावर दोनच तऱ्हेचे शब्द पडलेले असतात. एक संस्कृत, पुस्तकातले. दुसरे शिव्यांतले. नाक, कोपर, गुडघा म्हणावं इतक्या सहज म्हणता येईल असा मधला शब्द आपल्याला घरात कुणी दिलेलाच नाही. ‘गुप्तांग’ म्हटलं की हे लपवायचं असतं असं त्या शब्दातूनच सांगून होतं. झोपेत वीर्य येण्याला ‘स्वप्नदोष’ म्हटलं की मुलगा आपल्यात दोष शोधायला लागतो. मग एसटी स्टँडच्या भिंतीवरची ‘निराश होऊ नका’ ही जाहिरात त्याला आपल्याचसाठी लिहिल्यासारखी वाटते.

म्हणून पहिलं काम घरी, दार लावून करा. एका कागदावर हे शब्द लिहा: शिश्न, वृषण, वीर्य, योनी, गर्भाशय, स्तन, पाळी, संभोग, हस्तमैथुन, गर्भनिरोध. रोज मोठ्याने म्हणा. आवाज खाली न जाता, घाई न होता, न हसता म्हणता येईपर्यंत म्हणा. मला यासाठी दोन आठवडे लागले. मग एखाद्या सहकाऱ्यासमोर म्हणा. आमच्या शाळेतल्या एका सरांनी आणि मी प्रयोगशाळेत बसून हा सराव केला. पहिल्या दिवशी दोघंही टेबलाकडे बघून बोलत होतो.

दुसरं, मुलांचे शब्द ऐकून घ्या. पाळीला घरी काय म्हणतात असं मी विचारते आणि जे येईल ते फळ्यावर लिहिते: कावळा शिवला, अडचण, बाहेरची, एमसी, डेट, पिरियड. गर्भाशयाला बहुतेक घरांत ‘पिशवी’ म्हणतात, कारण ‘आत्याची पिशवी काढली’ हे मुलांनी ऐकलेलं असतं. यातल्या कुठल्याच शब्दाला नावं ठेवू नका. सगळे लिहून झाले की म्हणा, “आपण वर्गात पाळी म्हणू, गर्भाशय म्हणू, म्हणजे सगळ्यांना एकच कळेल.” घरचा शब्द पुसला जात नाही, पण मुलाला बोलायला एक सरळ शब्द मिळतो. डॉक्टरकडे किंवा वेळ आली तर पोलिसांकडे बोलतानाही तोच शब्द उपयोगी पडतो. ‘त्यांनी मला तिथे हात लावला’ यातलं ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे सांगता न येणारी मुलं मी पाहिली आहेत.

२. कागद पुरे करा

हे काम उत्साहाच्या भरात तोंडी परवानगीवर सुरू करू नका. उद्या एखादा पालक चिडून आला, तर तुमच्या मागे शाळा उभी आहे हे कागदावर दिसलं पाहिजे.

लागणारी कागदपत्रं:
- मुख्याध्यापकांना लेखी अर्ज: इयत्ता, तासांची संख्या, विषयांची यादी, कोण शिकवणार
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतला ठराव, इतिवृत्ताच्या नकलेसह
- पालकसभेची सूचना आणि हजेरीचा कागद
- प्रत्येक तासाचं टाचण, मुख्याध्यापकांच्या सहीसह
- मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या ‘सखी सावित्री’ समितीच्या सदस्यांची यादी
- जवळचं पोलीस ठाणे, ग्रामीण रुग्णालय आणि चाइल्डलाइन १०९८ यांचे क्रमांक लिहिलेला तक्ता

समितीत कुणीतरी हमखास विचारतं, “याच्यावर बंदी आहे ना?” त्यामागे २००७ सालची आठवण असते. त्या वर्षी केंद्राच्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून विधिमंडळात मोठा गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केलं. मुख्य आक्षेप त्यातल्या चित्रांवर आणि मजकुरावर होता. पुढे २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या अंतर्गत शाळांसाठी आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी, शक्यतो एक बाई आणि एक सर, आरोग्यदूत व्हावं अशी त्याची रचना आहे. त्याच्या अकरा विषयांत वाढीचं वय, स्त्री-पुरुष समानता, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळं येतं. तुमच्या शाळेत आरोग्यदूत कोण आहेत ते विचारा. अर्जात या कार्यक्रमाचा उल्लेख करा आणि विषयांची नावं त्यातलीच वापरा. माझा अर्ज दुसऱ्या वर्षी त्यामुळेच बिनबोभाट मंजूर झाला.

“हे बाहेरच्या देशांचं खूळ आहे” असंही कुणी म्हणेल. त्यांना र. धों. कर्व्यांची आठवण द्या. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक याच विषयावर मराठीत चालवत होते. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आजच्या काळात पाहायचं तर गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ शिबिरांतून हजारो तरुणांशी याच गोष्टी मराठीतून बोलल्या आहेत. पुण्याची ‘तथापि’ ही संस्थाही मराठीत याच विषयावर काम करते.

३. पालकसभा मुलांच्या तासाआधी घ्या

पालकांना तासानंतर कळलं तर तुम्ही चोरून काहीतरी केलं असं होतं. आधी कळलं तर बहुतेक जण सोबत येतात. सभा शक्यतो संध्याकाळी ठेवा किंवा बाजाराच्या दिवशी, म्हणजे शेतावर आणि कामावर जाणाऱ्या आयाही येतात.

सभेत ‘सेक्स एज्युकेशन’ हा शब्द घेऊन सुरुवात केली तर पुढचं कुणी ऐकत नाही. लपवायचं मात्र अजिबात नाही. मी सगळं टाचण वाचून दाखवते, वापरणार ते प्रत्येक चित्र हातात देते. पण सुरुवात एका प्रश्नाने करते: “तुम्हाला पहिली पाळी आली तेव्हा आधी कुणी काही सांगितलं होतं का?” पहिल्या सभेत दोघींनी हात वर केला, बाकीच्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग मागच्या रांगेतली एक आजी बोलली. तिला वाटलं होतं की पोटात काहीतरी फुटलं, आणि ती दिवसभर गोठ्यात लपून बसली होती. त्यानंतर या तासांची गरज मला वेगळी पटवून द्यावी लागली नाही.

वडील मंडळींसाठी मी दोन आकडे ठेवते. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास केला. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. हे दुसरं वाक्य ऐकून बाप लोक ताठ बसतात, कारण तोवर त्यांना हा मुलींचाच विषय वाटत असतो. दुसरा आकडा आपल्या राज्याचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आतच झालेलं होतं. “लहान आहेत, आत्ताच कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना उघडकीला आली आणि पालक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतर आमच्याकडे सभेचा सूरच बदलला. आधी ‘का शिकवता’ विचारणारे आता ‘कधीपासून शिकवणार’ विचारतात. पण घाबरलेल्या पालकांना फक्त ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ एवढंच हवं असतं. तेवढ्यावर थांबू नका. ज्या मुलाला आपल्या शरीराबद्दल एरवी एक शब्द बोलायची मुभा नाही, ते संकटात एकदम कसं बोलेल, हे त्यांना शांतपणे विचारा.

एखाद्या पालकाने तरीही नकार दिला तर त्याचं मूल त्या तासाला वाचनालयात बसू द्या. वाद घालू नका. माझा अनुभव असा की दुसऱ्या तासानंतर ते मूलच घरी हट्ट धरतं.

४. सामान

फार काही लागत नाही. शरीराचे साधे रेखाचित्राचे तक्ते, सॅनिटरी पॅड, सुती कापडाची घडी, निळ्या शाईचं पाणी, चहाचा छोटा कप आणि २८ मण्यांची माळ. पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर असतं, फार तर ८०. कपात तेवढं पाणी ओतून दाखवा. अंगातलं सगळं रक्त जातं असं मानणाऱ्या मुली तो कप बघून सुस्कारा टाकतात. माळेने पाळीचं चक्र दाखवता येतं, पण लगेच सांगा की २८ हा नियम नाही. पहिली एक-दोन वर्षं ती २१ दिवसांनीही येते, ४५ दिवसांनीही येते. मी हे सांगायला विसरले त्या वर्षी तीन मुली २९व्या दिवशी रडत आल्या होत्या.

५. तासांची आखणी

आठवड्याला एक, असे सहा तास. सातवीला हा क्रम मला जमला: शरीरातले बदल; पाळी; मुलग्यांमधले बदल; स्पर्श, नकार आणि मदत मागणं; मैत्री आणि आकर्षण; मोबाइल. आठवी-नववीला यात गर्भधारणा, गर्भनिरोध, एचआयव्ही आणि कायदे घाला.

मुलं-मुली एकत्र की वेगळी? माहिती दोघांना एकत्र आणि तीच द्या. प्रश्नांसाठी शेवटची पंधरा मिनिटं वेगवेगळ्या खोल्यांत बसवा, मुलांसोबत सर, मुलींसोबत बाई. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलींना हॉलमध्ये बसवून पॅडची माहिती द्यायची आणि मुलांना मैदानावर क्रिकेटला सोडायचं. पुढे वर्षभर त्या पॅडवरून जी चिडवाचिडवी होते ती आपणच पेरलेली असते. ज्या वर्षी मुलग्यांनीही पॅडवर निळं पाणी ओतून बघायचा प्रयोग हाताने केला, त्या वर्षी एका मुलीच्या स्कर्टवर डाग पडला तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलाने काही न बोलता आपला स्वेटर पुढे केला.

वर्षातून एकदा पाहुण्या डॉक्टरांचं भाषण ठेवून मोकळं होऊ नका. डॉक्टर जरूर बोलवा, पण चौथ्या-पाचव्या तासाला. पहिल्या दिवशी अनोळखी माणसाला कुणी काही विचारत नाही. आणि एचआयव्ही शिकवताना भीतीची चित्रं दाखवू नका. डबा वाटून खाल्ल्याने, डास चावल्याने, हातात हात घेतल्याने तो पसरत नाही हे आधी सांगा. वर्गात एखादं मूल असंही असू शकतं, ज्याच्या घरात एचआयव्हीची गोळी रोज घेतली जाते.

६. चिठ्ठ्यांची पेटी

सगळ्या कामाचा जीव या पेटीत आहे. बुटांचा खोका घ्या, चिठ्ठीएवढी फट पाडा. सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि पेन्सिली द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ एवढं लिहायचं. नाहीतर जो लिहितो त्याच्याकडेच सगळे बघतात. अक्षर तुम्ही ओळखालच, पण ओळख चेहऱ्यावर दिसू देऊ नका. चिठ्ठ्या त्याच तासाला उघडू नका. घरी वाचा, वेगळ्या करा, पुढच्या आठवड्यात उत्तरं द्या.

मला आलेले काही प्रश्न, आणि मी काय सांगते ते:

“मला छातीत गाठ आली आहे, कॅन्सर आहे का?” हा प्रश्न मुलग्यांकडून येतो. या वयात अनेक मुलग्यांच्या छातीला थोडी सूज येते, बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत जाते. खूप दुखलं तर डॉक्टरांना दाखवायचं.

“चाळीस थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य होतं का?” नाही. वीर्य रक्तापासून गाळून बनत नाही, ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. हस्तमैथुनाने आंधळेपणा, मुरुम, नपुंसकत्व यातलं काहीही येत नाही.

“पाळीत लोणच्याला हात लावला तर नासतं का?” यावर मी उत्तर न देता विचारलं, आपण बघू या का? एका मुलीने घरी बरणीतलं थोडं लोणचं वाटीत काढून करून बघितलं आणि महिन्याने ती वाटी वर्गात आणली. सगळ्यांनी पोळीला लावून खाल्लं.

“मुलगा होणं आईच्या हातात असतं का?” इथे थांबा आणि वेळ द्या. आईकडून नेहमी एक्स येतो, वडिलांकडून एक्स किंवा वाय. फळ्यावर चौकट काढून दाखवा. या प्रश्नामागे बहुतेक वेळा घरातलं भांडण असतं.

“दिवस गेले म्हणजे काय?” मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं, अर्थ कुणी सांगितलेला नसतो.

काही चिठ्ठ्यांत शिव्या असतील. रागावू नका, वाचूनही दाखवू नका. त्यांत बहुतेक वेळा एक खरा प्रश्न दडलेला असतो, तो सभ्य शब्दांत मांडून उत्तर द्या. ‘बाई, तुमचं लग्न झालंय, तुम्ही…’ असले वैयक्तिक प्रश्न आले तर पहिल्याच तासाला घातलेल्या नियमाची आठवण करून द्या: इथे कुणीच स्वतःचं किंवा दुसऱ्याचं खासगी सांगायचं नाही, बाईंनीही नाही. उत्तर माहीत नसेल तर “पुढच्या आठवड्यात बघून सांगते” म्हणा आणि खरोखर सांगा.

आणि तासाचे फोटो काढू नका. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर नको, स्थानिक वर्तमानपत्राला नको. ‘उपक्रमाचा अहवाल’ हवा असेल तर तक्त्यांचे फोटो द्या.

७. एखादं मूल येऊन सांगेल, त्याची तयारी पहिल्या तासाआधी ठेवा

सांगेल की नाही असा विचार करू नका, सांगेल असं धरून चाला. हे तास सुरू झाले की कधीतरी एखादं मूल वही दाखवायच्या निमित्ताने येतं, रेंगाळतं आणि काहीतरी सांगतं. माझ्याकडे पहिल्यांदा एक मुलगी आली तेव्हा माझ्या तोंडून गेलं, “अगं, नक्की असंच झालं का?” ती गप्प झाली आणि परत बोलायला तिला आठ दिवस लागले. ते आठ दिवस तिने त्याच घरात काढले. हे मी विसरू शकत नाही, म्हणून तुम्हाला आधीच सांगते.

काय म्हणायचं ते पाठ करून ठेवा: “तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी तुझ्यासोबत आहे.” एवढंच. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, ज्याचं नाव घेतलं त्याला शाळेत बोलावू नका. मूल गेलं की लगेच त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख आणि वेळेसह.

“कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीही देऊ नका. पोक्सो कायदा, म्हणजे २०१२ चा बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, कलम १९ मध्ये सांगतो की ज्याला असा गुन्हा कळला त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजू नका, ती तुमचीही राहते. शाळेची बदनामी होईल, आधी आपण आत चौकशी करू, घरच्यांशी बोलून मिटवू, असं कुणी म्हणालं तर हे कलम वाचून दाखवा. मूल आणि पालक घाबरलेले असतात. त्यांना सांगा की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेश न घालता घेतात, आणि मुलाचं नाव बाहेर येता कामा नये असं कायदाच सांगतो.

यातला एक पेच मोठ्या वर्गांत येतो. सोळा वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा राजीखुशीने जवळ आले तरी अठरा वर्षांखालच्या संमतीला या कायद्यात अर्थ नाही. म्हणून नववी-दहावीला मी पहिल्याच तासाला सांगून टाकते: “मला काही सांगितलंत तर काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात. माहिती हवी असेल तर नाव न घेता विचारा.” मुलांना आधी न सांगता त्यांचा विश्वास घेणं मला बरोबर वाटत नाही.

८. पुढे कुठे पाठवायचं

पाळी खूप अनियमित असणं, सतत उदास राहणं, अंगावर पांढरं जाणं, याची उत्तरं वर्गात देऊ नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतात. तिथे एकदा स्वतः जाऊन समुपदेशक ताईंना भेटून या, वार आणि वेळ विचारून या, मगच मुलांना सांगा. मी न जाता पत्ता दिला होता आणि दोन मुली बंद दारावरून परत आल्या.

वर्ष संपलं की चिठ्ठ्या जाळून टाका. प्रश्न मात्र एका वहीत उतरवून ठेवा, इयत्ता लिहा, नाव-तुकडी नको. जूनमध्ये नवी आखणी करताना आधी ती वही उघडा. माझ्या वहीत गेल्या दोन वर्षांत मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओंचे प्रश्न इतके वाढले आहेत, की यंदा मोबाइलचा तास मी सहाव्यावरून दुसऱ्या आठवड्यात आणला आहे.